पडद्यासमोरचा अनोळखी माणूस

2001 सालच्या मार्च महिन्यात सिलिकॉन व्हॅलीतल्या दोन कंपन्यांनी लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी दोन वेगळी कामं केली. माउंटन व्ह्यू इथल्या ईझेल या छोट्या कंपनीने 13 मार्चला ‘नॉटिलस’ या फाइल मॅनेजरची 1.0 आवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी आपल्या निम्म्याहून अधिक लोकांना कामावरून कमी केलं. सन मायक्रोसिस्टिम्स या बड्या कंपनीने त्याच महिन्यात डझनभर माणसांना लिनक्सच्या ‘ग्नोम’ डेस्कटॉपसमोर बसवलं, साधी साधी कामं करायला सांगितली आणि ती कुठे अडतात हे लिहून घेतलं. ईझेलची बातमी सगळीकडे छापून आली. सनच्या चाचणीकडे त्या वर्तुळाबाहेर फारसं कोणी पाहिलं नाही. पण लिनक्सचा डेस्कटॉप पुढची दहा वर्षं कसा दिसेल आणि कसा वागेल, हे त्या डझनभर माणसांच्या अडखळण्यातून ठरलं, असं मी मानतो.

त्या चाचणीचं महत्त्व कळायला पाच वर्षं मागे जावं लागतं. लिनस टॉरवल्ड्सने 1991 साली लिहिलेलं लिनक्स म्हणजे संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा गाभा. चिन्हं, खिडक्या, मेनू, फाइलींचे कप्पे हे जे माणसाला समोर दिसतं, ते त्यात नव्हतं. ते युनिक्सच्या परंपरेतून तुकड्यातुकड्यांनी आलेलं होतं. एका प्रोग्रामची बटणं एक तऱ्हेची, दुसऱ्याची दुसऱ्या. एकात जी कळ दाबून काम होई, ती दुसऱ्यात चालत नसे. ज्यांनी ते लिहिलं त्यांना त्यात अडचण नव्हती, कारण लिहिणारा आणि वापरणारा बहुधा एकच असे.

जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातला विद्यार्थी मात्थियास एट्रिश याला हे खटकलं. 14 ऑक्टोबर 1996 रोजी त्याने जाहीर आवाहन केलं: सर्वसामान्य माणसासाठी एकसारखा दिसणारा, एकसारखा वागणारा डेस्कटॉप बनवू या. त्यातून ‘केडीई’ उभं राहिलं आणि जुलै 1998 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. अडचण होती ती पायाची. केडीई ज्या ‘क्यूटी’ या साधनसंचावर रचलं होतं, तो ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीचा होता. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तो फुकट मिळे, पण त्यात बदल करून तो पुढे वाटायची मुभा नव्हती. लोकांचा डेस्कटॉप एका कंपनीच्या मर्जीवर उभा राहणार, हे अनेकांना पटेना. ऑगस्ट 1997 मध्ये मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी ग्नोमची घोषणा केली, ती यातूनच. त्यांनी पाया घेतला तो गिंप या चित्रं रंगवण्याच्या मुक्त प्रोग्रामसाठी बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या साधनसंचाचा. क्यूटी पुढे सप्टेंबर 2000 मध्ये पूर्ण मुक्त परवान्याखाली आलं. तोवर दोन घरं वेगळी झाली होती, ती आजही वेगळीच आहेत. याची खंत करणारे पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही. ग्नोमचा धाक नसता तर क्यूटी इतक्या लवकर मुक्त झालं असतं का, याची मला शंका आहे.

मग पैसा आला. ऑगस्ट 1999 मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीचा समभाग 14 डॉलरला विक्रीला निघाला आणि पहिल्याच दिवशी 52 डॉलरच्या आसपास बंद झाला. डिसेंबरात व्हीए लिनक्सचा 30 डॉलरचा समभाग पहिल्याच दिवशी 239 डॉलरवर गेला. त्या वर्षात लिनक्सचं नाव घेऊन भांडवलदाराकडे गेलं की दार उघडत असे.

ईझेल त्या दिवसांत जन्मली. तिचे संस्थापक हौशी विद्यार्थी नव्हते. ॲपलच्या 1984 च्या मॅकिंटॉशचं सॉफ्टवेअर घडवणारे अँडी हर्ट्झफेल्ड आणि बड ट्रिबल, मॅकचा प्रचार करणारे माइक बॉइच अशी ती मंडळी होती. मॅकची मूळ चिन्हं काढणाऱ्या सुसान केअर यांनी ईझेलसाठीही चिन्हं काढली. सामान्य माणसाला संगणकाची भीती वाटू नये म्हणून ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी रात्री जागवल्या होत्या, तीच माणसं आता ते सगळ्यांना फुकट आणि मोकळं मिळावं म्हणून कामाला लागली. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात इतक्या अनुभवी कारागिरांचा चमू असा एकत्र क्वचितच आला असेल.

त्यांच्या नॉटिलसमध्ये आजही कौतुक वाटावं असं बरंच होतं. मजकुराच्या फाइलीच्या चिन्हावरच तिच्यातल्या पहिल्या ओळी बारीक अक्षरांत दिसत. गाण्याच्या फाइलीवर माउस नेला की ती उघडण्याआधीच गाणं ऐकू येई. नवखा, मध्यम आणि जाणकार अशा वापरणाऱ्याच्या तीन पायऱ्या होत्या आणि नवख्याला गोंधळात टाकणाऱ्या गोष्टी आपोआप झाकलेल्या राहत. दोष मोठा होता तो वेगाचा. त्या काळच्या साध्या यंत्रावर नॉटिलस रडतखडत चाले.

पण ईझेल बुडाली ती वेगामुळे नव्हे. नॉटिलस फुकट द्यायचं आणि त्याच्या आतून इंटरनेटवरच्या सेवा विकायच्या, म्हणजे फाइली साठवायला जागा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याची सोय, असं तिचं गणित होतं. आज कोट्यवधी लोक असल्या सेवांना दरमहा पैसे मोजतात. 2000 साली मात्र घरोघरी टेलिफोनच्या तारेवरचं संथ इंटरनेट होतं आणि लिनक्स वापरणारा पैसे मोजायला मुळीच सरावलेला नव्हता. भांडवलदारांनी दिलेले एक कोटी डॉलरहून अधिक पैसे संपत आले तेव्हा शेअर बाजारातला फुगा फुटलेला होता. नवा पैसा मिळेना. मे 2001 मध्ये कंपनी बंद झाली.

कंपनी गेली, नॉटिलस राहिलं. त्याचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली होता, त्यामुळे देणेकऱ्यांना तो उचलून नेता आला नाही. ग्नोममधल्या इतरांनी तो हाती घेतला, वर्षानुवर्षं छाटला, वेगवान केला. आज ग्नोममध्ये फाइली उघडतो तो प्रोग्राम त्याच रोपाचा वाढलेला आहे. माणसांचं काय झालं, तेही सांगायला हवं. ईझेलमधले डॉन मेल्टन आणि केन कोसिएंडा त्याच वर्षी ॲपलमध्ये गेले आणि नवा ब्राउझर बनवायला बसले. त्यांनी इंजिन निवडलं ते केडीईच्या स्वयंसेवकांनी लिहिलेलं ‘केएचटीएमएल’. जानेवारी 2003 मध्ये ‘सफारी’ जाहीर झाला. त्या इंजिनाचं पुढे ‘वेबकिट’ झालं आणि गूगलच्या क्रोमनेही सुरुवात त्याच्यापासूनच केली. ट्युबिंगनच्या एका विद्यार्थ्याच्या आवाहनाला प्रतिसाद देणाऱ्या मंडळींचं काम असं जगातल्या बहुतेक फोनांपर्यंत पोचलं.

आता सनकडे येऊ. सनच्या वर्कस्टेशनवर सीडीई नावाचा नव्वदीच्या सुरुवातीचा डेस्कटॉप होता. तो म्हातारा झाला होता आणि नवा स्वतः लिहिणं महाग होतं. ऑगस्ट 2000 मध्ये ग्नोम फाउंडेशनची घोषणा झाली तेव्हा सन, एचपी, आयबीएम, रेड हॅट अशी नावं तिच्यामागे उभी होती. ‘सोलॅरिस’ या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर यापुढे ग्नोम असेल असं सनने सांगितलं. आदल्या वर्षी तिने हॅम्बुर्गची स्टार डिव्हिजन विकत घेतली होती आणि तिच्या ऑफिस सॉफ्टवेअरचा कोडही 2000 मध्येच खुला केला. आजचं लिब्रेऑफिस त्याच घराण्यातलं.

सनने प्रोग्रामर दिले, पैसा दिला. पण मुक्त सॉफ्टवेअरकडे तोवर जे जवळजवळ नव्हतंच ते तिने दिलं: माणसांचं वागणं शास्त्रशुद्ध रीतीने पाहणारे लोक. मार्च 2001 ची ती चाचणी त्यांनी घेतली आणि त्या उन्हाळ्यात अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. एखाद्या मुक्त डेस्कटॉपची इतकी पद्धतशीर तपासणी त्याआधी झाली नव्हती. अहवाल वाचताना प्रोग्रामरांना घाम फुटला असणार. ज्या शब्दांत ते रोज बोलत, ते पडद्यासमोर बसलेल्या माणसाला कळत नव्हते. पट्टीवर घड्याळ लावायला सांगितलं, तर मेनूत एक नव्हे, अनेक घड्याळं होती, कारण अनेक हौशी लोकांनी आपापलं घड्याळ लिहिलं होतं आणि कोणालाच ‘नको’ म्हणायचं जिवावर आलं होतं. प्रत्येक घड्याळ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण बाहेरून आलेल्या माणसाला त्यांतलं कोणतं घ्यायचं ते ठरवावं लागत होतं आणि तो तिथेच थांबत होता.

स्वयंसेवकांच्या प्रकल्पाची ही मूळ अडचण आहे, असं मला वाटतं. स्वतःला हवं ते लिहायला हौस पुरते. परक्या माणसाला काय जड जातं हे बघत बसायला आणि त्यापायी आपल्याच मित्राने लिहिलेलं काढून टाकायला हौस पुरत नाही. त्यासाठी कुणाला तरी तेवढ्याच कामाचा पगार मिळावा लागतो.

जून 2002 मध्ये ग्नोम 2.0 आला आणि ऑगस्टमध्ये ‘ह्यूमन इंटरफेस गाइडलाइन्स’ हा नियमांचा ग्रंथ. सनचे कॅलम बेन्सन, तेव्हा विद्यार्थी असलेला सेथ निकेल आणि इतरांनी मिळून तो लिहिला. नियम बारीकसारीक होते आणि त्यातच त्यांचं मोल होतं. बटणावर नुसतं ‘हो’ किंवा ‘ठीक’ लिहू नका, दाबल्यावर काय होईल ते क्रियापदाने सांगा. बदल केला की लगेच लागू होऊ द्या, वेगळं बटण दाबायला लावू नका. न साठवलेला मजकूर कोणी बंद करत असेल, तर गेल्या किती वेळातलं काम जाईल तेही त्याला कळू द्या. या शेवटच्या नियमाइतकी माणसाची काळजी घेणारं वाक्य तांत्रिक दस्तऐवजात क्वचित सापडतं.

त्याच वर्षी रेड हॅटमधल्या हॅवक पेनिंग्टन यांनी एक निबंध लिहून सेटिंगांच्या जंगलावर घाव घातला. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक पर्यायाची किंमत असते. तो तपासावा लागतो, तो बाकीच्या पर्यायांना झाकतो, आणि पुष्कळदा दोन प्रोग्रामरांमधलं भांडण मिटवण्यासाठी तो वापरणाऱ्याच्या गळ्यात मारलेला असतो. दोष दुरुस्त करण्याऐवजी ‘दोष चालू किंवा बंद’ असं बटण देणं हा कसला उपाय? ग्नोम 2 मधून अशी कितीतरी बटणं गेली. मुरलेले लोक खवळले. आपला डेस्कटॉप कंपन्यांनी हिरावला, आपल्याला बाळबोध समजलं जातंय, असा सूर निघाला. डिसेंबर 2005 मध्ये खुद्द टॉरवल्ड्सनी लोकांना ग्नोम सोडून केडीई वापरा असं सांगितलं, तेही अत्यंत कडक शब्दांत. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतंच. माउसच्या कळांना हवी ती कामं नेमून द्यायची सोय काढून घेतली, तर हात बसलेल्या माणसाला राग येणार. पण पडद्यासमोरच्या अनोळखी माणसाची बाजू मांडायला त्या वादात कोणीच नव्हतं. ती बाजू एका अहवालाच्या कागदांत होती आणि पेनिंग्टन, निकेल यांच्यासारख्यांनी ती धरून ठेवली.

याच काळात या कथेचा एक धागा पुण्यात येतो. रेड हॅटचं अभियांत्रिकी कार्यालय पुण्यात उभं राहिलं आणि तिथल्या चमूंनी भारतीय भाषांचं काम हाती घेतलं. ग्नोमचे मेनू मराठीत आले. रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले, त्यांतल्या काहींची मूळ अक्षरं पुण्यातच काढलेली होती. नुसता फॉन्ट असून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणं, जोडाक्षर जुळवणं, रफार योग्य जागी बसवणं यासाठी वेगळं यंत्र लागतं. ग्नोममध्ये ते ‘पँगो’ करत असे, केडीईत क्यूटी. दोघांतला समान भाग वेगळा काढून ‘हार्फबझ’ घडलं. रेड हॅटमध्ये आणि नंतर गूगलमध्ये काम केलेल्या बेहदाद एस्फाहबोद यांनी ते नव्याने रचलं. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांच्यात देवनागरी अक्षर जुळतं ते त्याच्याच हातून. मराठीपुरतं बोलायचं, तर लिनक्स डेस्कटॉपच्या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोठी कमाई.

ऑक्टोबर 2004 मध्ये ग्नोम डेस्कटॉप असलेलं ‘उबुंटू’ हे लिनक्सचं वितरण आलं. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनी आपली थॉट ही कंपनी 1999 साली साडेसत्तावन्न कोटी डॉलरला विकली होती, मध्ये अवकाशात जाऊन आले होते, आणि आता कॅनॉनिकल ही कंपनी काढून तो पैसा सामान्यांच्या लिनक्समध्ये घालायला निघाले होते. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, एकाच सीडीत सगळं, आणि पत्ता कळवला की टपालाने ती सीडी फुकट घरी. आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या हाती लिनक्स पहिल्यांदा आलं ते या पाकिटातून. प्रकल्पातला दोष क्रमांक 1 म्हणून शटलवर्थनी मायक्रोसॉफ्टचं बाजारावरचं वर्चस्व नोंदवलं होतं. 2009 साली त्यांच्या चमूने किरकोळ वाटणारे, पण रोज टोचणारे शंभर दोष हुडकून काढण्याची मोहीम घेतली. तेव्हाचं उबुंटू वापरलेल्यांना तो गुळगुळीतपणा आठवत असेल.

ग्नोम आणि कॅनॉनिकल यांच्यात बेबनाव झाला तो श्रेय आणि हक्क यांवरून. जुलै 2010 मध्ये ग्नोममधल्याच डेव्ह नीअरी यांनी ग्नोममधल्या योगदानाची गणना मांडली. रेड हॅटकडून सुमारे 16 टक्के काम, नोव्हेल या दुसऱ्या लिनक्स कंपनीकडून सुमारे 10, कॅनॉनिकलकडून जेमतेम 1. ग्नोमला घरोघरी नेणारी कंपनी ग्नोम घडवण्यात जवळजवळ नव्हतीच. लोकांपर्यंत पोचवणं हेही योगदानच, असं शटलवर्थ यांचं उत्तर होतं, आणि ते खोटं नव्हतं. मात्र त्याच वर्षी खिडकीची बटणं उजवीकडून डावीकडे नेल्यावर लोक चिडले, तेव्हा हा लोकशाही कारभार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं. मग 2011 च्या एप्रिलमध्ये एकाच वेळी दोन घरं फुटली. ग्नोम 3 आला, त्यात खिडकी लहान करण्याचं बटण नव्हतं आणि संगणक बंद करण्याचा पर्याय ऑल्ट कळ दाबल्याशिवाय दिसत नसे. उबुंटूने ग्नोम 3 चं रूप नाकारून स्वतःचं ‘युनिटी’ पुढे केलं. 2012 मध्ये युनिटीत संगणकावर शोधलेला शब्द ॲमेझॉनकडेही जाऊ लागला, आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी उबुंटूला हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर म्हटलं. माझ्या मते त्या निर्णयाने कॅनॉनिकलने जो विश्वास गमावला, तो पुरता परत आला नाही. 5 एप्रिल 2017 रोजी शटलवर्थनी युनिटी सोडल्याचं जाहीर केलं आणि त्या ऑक्टोबरपासून उबुंटू पुन्हा ग्नोमवर आलं.

ग्नोम 3 च्या कर्त्यांनी 2002 चा धडा अर्धाच घेतला होता. बटणं कमी करायची हे ते शिकले. आधी परक्या माणसाला समोर बसवून पाहायचं, हे राहिलं. ती सवय परतायला वेळ लागला. मार्च 2021 मध्ये ग्नोम 40 येण्याआधी मात्र मुलाखती आणि चाचण्यांची फेरीच त्यांनी घेतली.

शेवटी सनच्या आणखी एका कामाबद्दल लिहायलाच हवं, कारण कंपन्या काय देतात आणि कशा निघून जातात हे त्यात सर्वांत लख्ख दिसतं. अमेरिकी सरकारने 1998 साली पुनर्वसन कायद्याच्या 508 व्या कलमात बदल केला. केंद्र सरकारची खाती यापुढे जी संगणकीय साधनं घेतील, ती अपंग कर्मचाऱ्यांनाही वापरता आली पाहिजेत. 2001 च्या जूनपासून त्याची अंमलबजावणी झाली. सरकार हे सनचं मोठं गिऱ्हाईक. त्यामुळे तिने स्वतंत्र चमू नेमून ग्नोमच्या हाडातच ती सोय बसवली: प्रत्येक बटणाने, प्रत्येक मेनूने आपलं नाव आणि काम दुसऱ्या प्रोग्रामला सांगायचं. त्यावर उभा राहिला ‘ऑर्का’ हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम. सुरुवात केली ती सनमधल्या मार्क मल्केही या दृष्टिहीन प्रोग्रामरने. 2006 मध्ये तो ग्नोमचा भाग झाला. व्यावसायिक वाचक प्रोग्राम तेव्हा शेकडो डॉलरना मिळत, आणि हा कोणालाही विनामूल्य होता.

जानेवारी 2010 मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतली. काही आठवड्यांत ऑर्काचे प्रमुख विली वॉकर आणि त्यांचे सहकारी नोकरीवरून गेले. ज्या कामावर दृष्टिहीन माणसांचा रोजचा संगणक चालत होता, ते एका कंपनीच्या ताळेबंदातल्या एका ओळीवर टांगलेलं होतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. ऑर्का सावरला जोनमेरी डिग्ज यांनी. त्या मॅसॅच्युसेट्समध्ये दृष्टिहीनांच्या संस्थेत काम करत होत्या आणि ऑर्कासाठी स्वेच्छेने लिहीत होत्या. त्यांनी धुरा घेतली, पुढे स्पेनच्या इगालिया या सहकारी तत्त्वावरच्या कंपनीने त्यांना त्यासाठी नोकरी दिली. पण एका व्यक्तीने वाहायचं ते ओझं नव्हतं. खालचा सगळा पाया वीस वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर नवं बांधणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी.

नोव्हेंबर 2023 मध्ये जर्मन सरकारच्या ‘सॉव्हरिन टेक फंड’ने ग्नोमला 10 लाख युरो दिले. त्यातून करायच्या कामांत पडदा वाचकांसाठीची ही जुनी व्यवस्था नव्याने रचण्याचं काम होतं. कायद्याच्या एका कलमामुळे कंपनीने सुरू केलेलं आणि कंपनी गेल्यावर उघड्यावर पडलेलं हे काम तेरा वर्षांनी पुन्हा पगारी चमूच्या हाती आलं, आणि या वेळी पैसा करदात्यांचा होता.